हमीदाची पिंजण

बैलाच्या तोंडातून कापूस लोंबत होता. नाक्यावरच्या साहेबाच्या हातात चहाची बशी होती. त्यानं आधी बैलाकडं पाहिलं, मग गाडीत रचलेल्या गाद्यांकडं, मग गाद्यांवर पदर ओढून बसलेल्या नवरीकडं, आणि बशी सावकाश खाली ठेवली. बैल माझा, नवरी माझी लेक आणि गाद्या हमीदानं शिवलेल्या. सोन्या बैलानं खालच्या गादीचा कोपरा ओढून फाडला होता आणि डोळे मिटून तो आतली सरकी चघळत होता. साहेबानं जवळ येऊन त्या भोकात हात घातला. मूठ बाहेर काढली तर बोटांच्या फटींतून सरकीसकट कापूस. आंदणाच्या गादीत सरकी कधी नसते, पिंजलेली रुई असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हमीदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अन्सूबाई, तुह्या बैलानं मारलं वं आपल्याले..." आणि माझी लेक शांता पदराआड खुदखुदायला लागली. साहेबानं तिला दरडावून विचारलं, "ए पोरी, लग्न कधी आहे तुझं?" शांता घाबरून खरं बोलून गेली, "झालं न साहेब. पोरगं हाये एक."

त्या हमीदाबीला जाऊन परवा चाळीस दिवस झाले. आमच्या गावची पिंजारीण, भिंतीला भिंत लागून शेजारीण. दुपारी जेवली, सुनेला म्हणाली, "जरा पडतो," आणि पडली ती उठली नाही. तिचा मुलगा सलीम सांगायला आला तेव्हा मी तूर पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि गेले. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं, आता काहीतरी टोमणा मारील असं. चाळिसाव्याला सगळं गाव जेवलं. पुलावात मीठ कमी पडलं होतं. हमीदा असती तर आचाऱ्याला तिथंच ऐकवलं असतं, तेवढ्यापुरती मला तिची फार आठवण आली. बाकी रडणं-बिडणं मला जमत नाही. पण सलीम म्हणाला, "मावशी, तुम्ही दोघी कोर्टात जात होत्या ते कोणी लिहून ठेवलं पायजे." मी चौथी शिकलेली. पण दुसऱ्या कोणाला ते सगळं माहीत नाही, म्हणून पेपरच्या या पुरवणीत लिहिते.

आजच्या पोरांना खोटं वाटतं, पण तेव्हा पिकवलेला कापूस कुठं विकायचा हे सरकार ठरवायचं. सरकारी केंद्रावरच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, नेला तर गुन्हा. कायदा म्हणे शेतकऱ्याच्या भल्यासाठी होता. असेल. पहिली काही वर्षं बरं चाललं, मी खोटं बोलणार नाही. पण शेवटी शेवटी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि माणसं गाडीखाली झोपायची. आत पोचलं की कधी बारदाना संपलेला, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रजेवर, कधी म्हणायचे कापूस ओला आहे, वाळवून आणा. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. टेकडी चढून उतरलं की मध्य प्रदेश. तिथल्या पहिल्याच गावात बऱ्हाणपूरचे व्यापारी ट्रक लावून बसलेले असायचे, येईल तो कापूस घ्यायचे. मधे फक्त तो नाका.

त्यात त्या वर्षी कापसाचं बीटी बियाणं आलेलं. तेही चोरून... गुजरातेतून, बिनलेबलाच्या पिशवीत, सरकारनं अजून मंजूर न केलेलं. आम्ही पेरलं. बोंडअळी फिरकली नाही आणि झाडं बोंडांनी वाकली. म्हणजे बी बेकायदेशीर, त्याचा कापूस सरकारला चालणारा, आणि तोच कापूस टेकडीपलीकडं नेला की पुन्हा बेकायदेशीर. हमीदा म्हणायची, "कापूस हाये का गांजा हाये वं हा?" माझ्या घरात माजघरापासून आढ्यापर्यंत कापूस. झोपायला जागा नाही, रात्रभर किडे चावायचे, आमच्या मालकांचा दमा वाढलेला. मी चूल अंगणात मांडली होती, कारण एक ठिणगी उडाली असती तर घर गेलं असतं. केंद्रावर दोनदा गाडी नेली, दोनदा भरलेली परत आणली.

हमीदा मूळची लोणारकडची, सुलतानपूरची. लग्न होऊन आली तेव्हा 'मला, तुला' म्हणायची. आम्ही बाया हसायचो. वर्षाच्या आत 'मले, तुले' वर आली आणि मग आमच्यापेक्षा पक्की वऱ्हाडी झाली. तिचा नवरा रहीमभाई गावोगाव फिरून गाद्या पिंजायचा. पिंजण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाएवढं लांब लाकूड, एका टोकाला फळी, आणि टोकापासून टोकापर्यंत आतड्याची ताणलेली दोरी, तिला तात म्हणतात. दबलेल्या कापसात तात धरायची आणि तिच्यावर लाकडी ठोकळा हाणायचा. तात झणझणते आणि कापूस फुटून ढगासारखा वर येतो. आयुष्यभर ती धूळ छातीत गेली आणि रहीमभाई खोकून खोकून गेला. बायका गाद्या शिवत, पिंजण पुरुषांनीच मारायची अशी रीत. महिनाभरानं हमीदानं पिंजण खांद्यावर घेतली. बिरादरीतले दोन म्हातारे समजवायला आले, बाईनं हे करू नये म्हणून. हमीदा म्हणाली, "ठीक हाये चाचा. मंग उद्यापासून रोज तुम्ही माह्या लेकराले जेवू घाला." म्हातारे चहा न पिता गेले. तेव्हापासून आमच्या आजूबाजूच्या गावांत गादी पिंजायची म्हटलं की हमीदाच. तिच्या अंगात पुरुषासारखा जोर होता आणि तोंड त्याहून मोठं.

गाद्यांची युक्ती तिचीच. माझ्या अंगणातल्या चुलीशी बसून म्हणाली, "नवरीचं आंदण कोणी तपासते का? गाद्यांत भरू." मी म्हटलं, "दाबून पाह्यलं तं सरकी लागन हाताले." ती म्हणाली, "वरून चार बोटं पिंजलेली रुई देतो. खुद नवरदेव झोपला तरी त्याले सरकी टोचनार नाई." आणि खरंच तशा केल्या. मी हात फिरवून पाहिला, मलाही कळलं नाही. शांता बाळंतपणानंतर माहेरी आली होती, तिला पुन्हा हिरवा चुडा भरला. सांगायचं असं की लग्न पलीकडच्या गावात, वऱ्हाड पुढं गेलं, आम्ही आंदण घेऊन मागून चाललो. हमीदानं पिंजणही गाडीत टाकली. गाद्या रिकाम्या झाल्या की तिकडच्या दोन-चार गावांत फिरून काम करणार होती, आणि पिंजारणीच्या गाडीवर कोण संशय घेतो, असंही तिचं म्हणणं. आमच्या मालकांनी अंथरुणातून आशीर्वाद दिला, "जा. सापडल्या तं माह्यं नाव सांगू नका."

आम्ही सगळ्याचा विचार केला. गादी किती जाड, नवरी किती रडेल, साहेबानं पेढा मागितला तर पेढासुद्धा बांधून घेतला होता. फक्त बैलाचा विचार केला नाही. जन्मभर सरकीवर पोसलेला बैल. नाक्यावर साहेबाचा चहा व्हायचा होता म्हणून गाडी सोडायला लावली, मी बैल गाडीच्या चाकाला बांधले. सोन्याचं तोंड गाद्यांकडं. त्यानं काय करावं? शेतकऱ्याच्या घरात जन्म गेलेल्या दोन बाया आम्ही, आणि एवढी अक्कल आली नाही. साहेबानं पेढा मात्र खाल्ला.

शांताला त्यांनी लेकुरवाळी म्हणून घरी पाठवलं. गाडी-बैल सोडले, कारण ठाण्यात वैरण कोण घालणार? गाद्या जप्त झाल्या, त्याचं आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. पण शिपायानं पिंजण उचलली तशी हमीदानं दुसरं टोक धरलं.

"गाद्या ठिवा साहेब. कापूसबी ठिवा. हे काऊन नेता? हिनं काय केलं?"

"गुन्ह्यात वापरलेलं साधन आहे, बाई. सोडा."

"अवो, सरकीच्या कापसाले हिचा हातबी लागला नाई!"

"ते कोर्टात सांगा."

दोघं ओढत राहिले. शेवटी मीच हमीदाची बोटं सोडवली, नाहीतर शिपायाला मारल्याचा दुसरा गुन्हा लागला असता. पंचनाम्यात लिहिणाऱ्याला पिंजण काय ते माहीत नव्हतं. त्यानं लिहिलं, 'धनुष्यासारखे लाकडी हत्यार, एक नग.' आमच्या वकिलानं ते वाचून दाखवलं तेव्हा हमीदा म्हणाली, "म्या का रामचंद्र हाव, धनुष्य घेऊन फिरायले?"

वकिलानं आम्हाला नीट समजावलं. दोन वाटा. गुन्हा कबूल करा, थोडा दंड होईल, त्याच दिवशी मोकळ्या. पण मग जप्त केलेलं सगळं सरकारजमा होईल, पिंजणसुद्धा. किंवा कबूल करू नका, खटला लढवा, सुटलात तर पिंजण परत मिळेल. पण किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. मी म्हटलं कबूल करू. मला वेचणी होती, घरी दम्याचं माणूस होतं, आणि गुन्हा आम्ही केलाच होता. हमीदा म्हणाली, "तू कर कबूल. मी नाई करत." मी म्हटलं, "हमीदा, एका लाकडासाठी?" ती म्हणाली, "तुह्यं वावर नेलं असतं त्याइनं, तं कबूल केलं असतं का?" तालुक्याला तेव्हा पिंजायचं मशीन नुकतं आलं होतं. नवी पिंजण करून देणारा सुतार उरला नव्हता. पिंजण गेली की हमीदा पिंजारीण राहणार नव्हती, दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारी एक बाई राहणार होती. पहिल्या तारखेला जज्जसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी तोंड उघडलं आणि हमीदानं माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला. अंगठा महिनाभर काळा होता. मी म्हटलं, "नाही साहेब."

मग तारखा सुरू झाल्या. एसटीनं जायचं, पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घ्यायची, एसटीनं यायचं. कधी सरकारी वकील नाही, कधी साक्षीदार नाही, कधी जज्जसाहेब नाही. सगळे असले की वीज नाही. आम्ही ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा बांधून न्यायचो. व्हरांड्यातल्या सगळ्या भांडणांची आम्हाला माहिती झाली होती, कोणाच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, कोणी कोरला, कोणाच्या सुनेनं खावटीचा दावा लावला... हमीदा निम्म्यांना सल्ले द्यायची. काही वकिलांपेक्षा तिच्याकडं गर्दी जास्त असायची. आमचा वकील एकदा चिडून म्हणाला, "तुम्ही सनद घेऊन टाका आता." ती म्हणाली, "आधी पिंजण द्या."

आत कोर्टात मात्र तिचं लक्ष भलतीकडं. जज्जसाहेबांच्या खुर्चीतली गादी. साहेब भारी अंगाचे, सारखे या बाजूवरून त्या बाजूवर व्हायचे. हमीदा मला कोपरानं ढोसून म्हणायची, "पाह्य, पाह्य. गोळे झाले त्या गादीत. माणसाले बसताच येत नाई, म्हणून तारीख देऊन पयतेत." ते साहेब बदलून गेले, दुसरे आले, सडपातळ. त्यांनीही तारखा दिल्या. मग तिसरे. हमीदा म्हणाली, "जज्ज बदलून काय होते? गादी बदला म्हणा."

कामाशिवाय ती बसणारी नव्हती, म्हणून माझ्याकडं वेचणीला यायची. तिच्यासारखी वाईट वेचणारी मी पाहिली नाही. बाकीच्या बाया ओट्या भरभरून ढीग घालायच्या आणि ही एकेका बोंडातला कचरा नखानं काढत उभी. मी ओरडले, "काऊन वं, केंद्रावर द्यायचा हाये का तुह्या सलीमच्या दुलईत घालायचा?" ती म्हणायची, "घाण कापसाले हात लावायची आदत नाई मले." मजुरी वजनावर, त्यामुळं तिच्या हातात काही पडायचं नाही. तरी वेचायला धरलेली ओळ अर्धी सोडून दुसरीवर गेली नाही.

आणि खटला चालू असतानाच सरकारनं तो कायदा गुंडाळला. ज्याला जिथं विकायचा तिथं त्यानं विकावा. लोक ट्रॅक्टर भरभरून भर दुपारी टेकडी चढायला लागले. नाक्याचा बांबू कोणीतरी गोठ्याला नेला, साहेब बसायचा त्या खोलीत भजी तळायला लागली. आणि आम्ही दोघी एसटीनं तारखेला. हमीदानं वकिलाला विचारलं, "वकीलसाहेब, आता तं सारं गावच विकून राह्यलं तिकडं. मंग आमीच दोघी काऊन चोर?"

"तुम्ही केलं तेव्हा कायदा होता, हमीदाबी."

"आता नाई न?"

"नाही."

"मंग आमी आता पुन्हा नेतो गाद्या. अन् पयलं सोडून हे लिहून घ्या."

वकिलानं डोक्याला हात लावला. मी मात्र खरंच विचार करत बसले... जे आज सगळे करतात त्याचा गुन्हा आमच्या डोक्यावर, आणि तो पुसायला कोणाला सवड नाही. सरकार वाईट होतं असं मी म्हणत नाही. सरकार विसरलं होतं. विसरलेल्या माणसाशी भांडता येत नाही. हमीदाला तेवढं जमायचं, ती दर तारखेला जाऊन आठवण करून द्यायची.

शेवटच्या साली पावसाळ्यात साक्षी एकदाच्या लागल्या. नाक्यावरचा साहेब बदली होऊन कुठं गेला होता, समन्स पोचलंच नाही. पंच म्हणून होता नाक्याजवळचा पानवाला. त्याला सरकारी वकिलानं विचारलं, "गादीत सरकीचा कापूस होता हे तुम्ही पाहिलं?" पानवाला म्हणाला, "बैलानं गादी खाल्ली हे म्या पाह्यलं. अंदर काय होतं ते बैलाले मालूम." जज्जसाहेब म्हणाले, मुद्देमाल हजर करा. हवालदार मालखान्यात गेला. गेला तो येईना. पुन्हा बोलावणं धाडलं तेव्हा आला, एकटाच, टोपी काखेत.

"काय झालं?"

"साहेब... मुद्देमाल उगवला."

मालखान्याचं छप्पर गळत होतं. गाद्या भिंतीशी लावून ठेवलेल्या, त्यावर पावसाची धार. दोघा शिपायांनी एक गादी बाकावर टाकून आत आणली. शिवणीशिवणीतून हिरवी दुपानी रोपं बाहेर आलेली, कोपऱ्यात सोन्यानं फाडलं होतं तिथं तर गच्च वाफा. सगळं कोर्ट उभं राहून बघायला लागलं. मी पाहिलं आणि मला कळलं, की हे आमचं त्या वर्षीचं चोरबीटी. सरकारनं मंजूर न केलेलं बियाणं सरकारच्याच मालखान्यात, सरकारच्याच पाण्यावर उगवलं होतं. मी जीभ दाताखाली धरली. हमीदा मोठ्यानं म्हणाली, "अन्सूबाई, खत न देता बी काय जोमदार आलं वं!" जज्जसाहेबांनी खाली मान घातली. खांदे हलत होते.

जप्ती करणारा साहेब हजर नाही, पंच सगळं बैलावर ढकलून मोकळा, आणि मुद्देमालाचा वाफा झालेला, म्हणून पुराव्याअभावी आम्ही सुटलो. साहेब पुढं सांगत गेले, कारकून लिहीत गेला. गाद्या नष्ट कराव्या, खोळी चांगल्या असतील तर परत द्याव्या. मग कारकुनानं वाचलं, "धनुष्यासारखे लाकडी हत्यार, एक नग." सरकारी वकील सवयीनं उठला आणि म्हणाला, हत्यार आहे, सरकारजमा व्हावं. हमीदा, कधी नव्हे ती, माझ्या मागं सरकली. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेली तेव्हाच पाहिली. साहेब म्हणाले, "आणा ते, बघू तरी."

पिंजण आणली. कोळ्याची जाळी, धूळ, आणि तात... उंदरांनी खाल्लेली. दोन्ही टोकांना बोट-बोटभर शेपट्या लोंबत होत्या. हमीदानं ते पाहिलं आणि शिवी दिली. कोर्टात, मोठ्यानं. उंदरांच्या आईपासून मालखान्याच्या हवालदारापर्यंत सगळे तीत आले. ती शिवी मी इथं लिहीत नाही, पुरवणी घरात लहान मुलंही वाचतात. वकिलानं डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता बेअदबीचा दुसरा खटला. जज्जसाहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. हे हत्यार नाही, धंद्याचं अवजार आहे. अशी शिवी मालकच देऊ शकतो. देऊन टाका यांना."

हमीदा हात जोडून उभी राहिली. मला वाटलं आता आभार मानील. ती म्हणाली, "साहेब, तुमची गादी बसली हाये. तात लावून आणतो अन् पिंजून देतो."

आणि खरंच गेली. खाटकाकडून आतडं आणून, वळून, वाळवून तिनं नवी तात केली आणि तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पिंजण खांद्यावर टाकून, मला बरोबर ओढून, तारीख नसताना कोर्टात गेली. पट्टेवाला म्हणाला, "बाई, आज तुमचा पुकारा नाही." ती म्हणाली, "आज गादीचा पुकारा हाये." जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तिनं खुर्चीची गादी उसवली. आतला कापूस दगड झालेला. पिंजणीचा पहिला टणत्कार झाला तशी टायपिस्टांची बोटं थांबली, पक्षकार भांडणं सोडून बघायला आले. कापूस असा उडाला की वकिलांचे काळे कोट पांढरे झाले. एका जुन्या वकिलानं हात झटकत विचारलं, "हे काय चाललंय?" हमीदानं मान वर न करता सांगितलं, "न्याय नरम करून राह्यलो." त्यानंतर तिथल्या खटल्यांचे निकाल लवकर लागले का, ते मला माहीत नाही. आमचं काम संपलं होतं.

पुढची वर्षं चांगली नव्हती. बीटीचं महाग बियाणं उधारीवर घेतलेलं, पाऊस नाही, झाडं लाल पडून वाळली. त्या काळात आमच्या भागात कोणत्या घरांत काय झालं ते पेपरवाल्यांनी लिहिलं, मंत्री येऊन गेले, मी त्यात भर घालत नाही. फक्त हमीदाचं सांगते. ज्या घरातला माणूस जायचा त्या घरातली त्याची गादी लोक शिवेबाहेर टाकून यायचे. हमीदा ती उचलून आणायची, उन्हात टाकायची, पिंजायची, नवी खोळ चढवायची आणि त्याच घरी नेऊन द्यायची. बाया घ्यायला भ्यायच्या. ही म्हणायची, "कापसानं काय केलं वं माय? लेकरं खाली झोपतेत, थंडी हाये." आणि गादी अंथरूनच यायची. पैसे मागितले नाहीत. चहा मात्र मागायची, आणि चहा झाल्याशिवाय उठायची नाही, म्हणजे त्या बाईला चूल पेटवावीच लागायची.

आता सलीमचं तालुक्याला पिंजायचं मशीन आहे. पिंजण त्याच्या दुकानात वर आढ्याला टांगली आहे, तात काढून. लोक विचारतात हे काय, तो सांगतो, "अम्मीचं धनुष्य."

कोर्टातून परत मिळालेल्या खोळींतली एक हमीदानं मला भरून दिली. दर दिवाळीआधी उसवून पुन्हा पिंजायची. मी त्याच गादीवर झोपते. पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यात तिनं मूठभर सरकी मुद्दाम शिवून ठेवली आहे. मी पहिल्या दिवशीच ओरडले, "पायाले टोचते वं हे!" तर म्हणाली, "राहू दे. पुन्हा कुठं नेली तं बैल सांगन." बैल आता नाही, पण कोपरा टोचतो. यंदा गादी खाली बसली आहे, मधे गोळे झालेत, मीही रात्री त्या जज्जसाहेबांसारखी या बाजूवरून त्या बाजूवर होते. सलीम म्हणतो, मावशी, मशीनवर टाकून देतो, दहा मिनिटांचं काम. मी अजून दिली नाही. मशीनवाला आधी सरकी काढून टाकतो.

त्या दिवशी नाक्यावर आम्ही तिघी होतो आणि दोन बैल. सोन्या त्या खटल्याच्या मधेच म्हातारा होऊन गेला, त्याचा जोडीदार त्याच्यामागं. हमीदा गेली. शांता सासरी, वरवट बकालला, सुनेच्या हातचं खाते. मी इथं आहे.